कळे गावाजवळची ऊस ट्रॉली आणि सरांच्या गाडीचा ऑटो हायबीम

डिसेंबरातली गोष्ट, दुकानाचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं तोवर सर दारात. आमचे शाळेतले गणिताचे सर, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, राहायला कोल्हापुरात फुलेवाडीत आणि शेती साळवणला, त्यामुळं आठवड्यातनं दोनदा तरी गगनबावडा रोडवर येणं-जाणं ठरलेलं. पुण्यातल्या लेकानं दिवाळीत नवी गाडी घेऊन दिलेली, काचेवर कॅमेरा, एडास म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा, समोरची गाडी बघून लाइट आपोआप खाली-वर करणारा ऑटो हायबीम, सगळं असलेली. सरांनी चावी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "हे ऑटो हायबीम काढून टाक. रात्री माणूस मेला असता रे."

चहा सांगितला, सरांना बसवलं, मग हळूहळू सगळं कळालं.

आदल्या रात्री, गुरुवारी, साडेआठच्या सुमारास सर साळवणहून कोल्हापूरला येत होते. मागच्या सीटवर काकू आणि काकूंची बहीण, डिकीत गुळाच्या दहा-दहा किलोच्या आठ ढेपा आणि तांदळाची दोन पोती. स्पीड सत्तर. कळे गावाच्या अलीकडं समोरनं एसटी आली, गाडीनं आपोआप लाइट डिप केला, एसटी पास व्हायला लागली आणि तेवढ्यात पुढं उसाची ट्रॉली, रस्त्यात उभीच, पंक्चर झालेली, चाकाला दगड लावलेला. मागं लाल दिवा नाही, रेडियम नाही, काही नाही. ट्रॉलीमागं एक पोरगं मोबाइलचा टॉर्च हलवत उभं होतं, तो टॉर्च सरांना दिसला म्हणून ब्रेक वेळेत लागला. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीतनं लोंबणारं वाढं, उसाच्या शेंड्याचा पाला, बॉनेटवर टेकलं होतं. पोरगं उडी मारून साइडपट्टीत गेलेलं. सर सांगत होते तेव्हा त्यांच्या हातातला चहाचा कप बशीवर वाजत होता, हे मी विसरणार नाही.

दुसरी तक्रार अशी की गाडी घेतल्यापासनं त्या रोडवर समोरचे लोक सारखे अप्पर-डिप्पर मारतात. एकदा तर बालिंग्याच्या पुलाजवळ एका बाइकवाल्यानं गाडी आडवी लावून "काका फोकस खाली घ्या की" म्हणून ऐकवलं. सरांचं म्हणणं असं की लाइट खाली-वर करायचं काम गाडीचं, मी हात पण लावत नाही, मग गाडीच बिघडली असणार.

मी उद्यमनगरात अठरा वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय. गिऱ्हाईक म्हणतंय म्हणून वायर उपटायची हे आपल्याला जमत नाही. सरांना म्हटलं, गाडी आज आहे तशीच राहू दे, ढेपा पण उतरवू नका, रात्री मी बरोबर येतो. मागच्या सीटवर दुकानातली दोन पोरं बसवली, म्हणजे वजन पण तेवढंच झालं.

निघायच्या आधी नुसती काच बघितली. ऑटो हायबीमचा कॅमेरा आरशाच्या मागं, काचेला चिकटून असतो. तो पुढचे उजेडाचे ठिपके बघतो, पांढरे म्हणजे समोरनं येणारी गाडी, लाल म्हणजे पुढं चाललेली, आणि तसा ठिपका दिसला की अप्पर बंद करतो, ठिपका गेला की थोडं थांबून परत चालू. या गाडीत साधारण चाळीसच्या पुढं स्पीड गेला की हे सुरू होतं, शहरात रस्त्यावरचे दिवे असले की खालीच राहतं. कल्पना तशी जुनी आहे, जनरल मोटर्सनं १९५२ साली अमेरिकेत डॅशबोर्डवर प्रकाश ओळखणारी नळी बसवून हेच काम करून दाखवलं होतं, आता नळीच्या जागी कॅमेरा आणि कॉम्प्युटर आलाय एवढंच. तर सरांच्या काचेवर फास्टॅग बरोबर आरशामागं चिकटवलेला आणि त्याचा एक कोपरा कॅमेऱ्याच्या खिडकीवर गेलेला, उजव्या बाजूला, म्हणजे नेमका समोरची वाहनं ज्या बाजूनं येतात त्या बाजूला. नोंद केली, पण काढला नाही.

रात्री आठला फुलेवाडीतनं निघालो. मी शेजारी बसून वहीत लिहीत होतो आणि माझी नजर रस्त्यापेक्षा मीटरवर जास्त होती, कारण अप्पर चालू असला की मीटरमध्ये निळा दिवा लागतो, तो कधी लागतो कधी विझतो हेच बघायचं होतं. बालिंग्याचा पूल ओलांडला, रस्त्यावरचे दिवे संपले, निळा लागला. समोरनं मोटारसायकल आली, निळा लगेच विझला. १ एप्रिल २०१७ पासनं नवीन दुचाकींचा हेडलाइट गाडी चालू केली की चालूच राहतो, त्यामुळं त्या कॅमेऱ्याला चांगल्या सापडतात. एक जुनी गाडी आली, पिवळा मिणमिणता बल्ब, ती मात्र अगदी जवळ आल्यावर सापडली. दोनवड्याच्या पुढं वळणावरच्या बाणांच्या रेडियम बोर्डाला समोरची गाडी समजून उगीचच डिप झाला. एका गुऱ्हाळाबाहेरच्या एलईडीनं पण तसंच केलं. हे सगळं चालण्यासारखं आहे, त्यानं कुणाचं नुकसान होत नाही.

सांगरूळ फाट्याच्या पुढं मात्र मला एक गोष्ट दिसली जी मला आधी कधी अशी उघड दिसली नव्हती. या दिवसात रस्त्याच्या दोन्ही बाजूला ऊस उभा असतो, माणसापेक्षा उंच, काही ठिकाणी पार दहा-बारा फूट. वळणापलीकडनं गाडी येत असली की तिचे दिवे दिसायच्या आधी उसाच्या शेंड्यांवर उजेड पडतो, तुरे चमकायला लागतात. या भागात गाडी चालवणारा कुठलाही माणूस ते बघून आधीच डिप करतो, शिकवायला लागत नाही. कॅमेऱ्याला शेंड्यांवरचा उजेड म्हणजे गाडी हे कळत नाही, त्याला दिवाच दिसायला लागतो. म्हणजे समोरचा वळणातनं बाहेर आला की पहिल्यांदा त्याच्या डोळ्यात फुल्ल अप्पर, मग अर्ध्या-एक सेकंदानं डिप. त्यात फास्टॅगचा कोपरा आडवा, त्यामुळं उजव्या वळणाला अजून उशीर.

मग टायरगाडी लागली, समोरनं. बैलगाडीला दिवा नाही म्हणून निळा विझलाच नाही. बैलांचे डोळे हिरवे चमकले, एकानं मान फिरवली, जू ओढलं गेलं, गाडीवानानं टॉवेल तोंडावर धरला. मी सरांना म्हटलं, हातानं खाली घ्या, तोवर पास झालो होतो. थोडं पुढं डेअरीला दूध घालून परत निघालेली एक बाई, हातात रिकामी किटली, तिला पण अप्पर तसाच. ती थांबली, रस्त्याच्या कडेला तोंड फिरवून उभी राहिली, आम्ही गेल्यावर चालायला लागली. मला हे फार लागलं. गाडीवाल्याच्या डोळ्याची काळजी आहे आणि पायी माणसाच्या डोळ्याची नाही, असं त्या मशीनचं झालंय, कारण त्याच्या हिशेबात ज्याच्याकडं दिवा नाही तो रस्त्यावर नाहीच. उद्या जोतिबाला नाहीतर आदमापूरला पायी निघालेली माणसं असतील, रात्रीची रांगच्या रांग असते, त्यांच्यासमोर हा असाच पेटलेला राहणार.

आता अप्पर-डिप्परचं. साळवणपर्यंत अकरा जणांनी आम्हाला डिप्पर मारला आणि वहीत बघितलं तर त्यातल्या सात वेळा निळा दिवा विझलेला होता. म्हणजे आमचा लाइट डिपच होता आणि तरीही समोरच्याच्या डोळ्यात जात होता. इथं मला कळालं की दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि या सातांचा ऑटोशी काही संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी दुकानाच्या मागच्या भिंतीसमोर पाच मीटरवर सपाट जागेत लावली. आधी डिकी आणि मागची सीट रिकामी. डिप लाइटची वरची कड, जिथं उजेड एकदम कापल्यासारखा संपतो ती रेघ, दिव्याच्या उंचीपेक्षा ५ सेंटिमीटर खाली पडली, म्हणजे एक टक्का उतार, बरोबर आहे. मग ढेपा, पोती आणि मागं दोन पोरं. मागचा भाग ४ सेंटिमीटर बसला. तेवढंच, बाहेरनं बघून कळणार पण नाही. पण पुढचं चाक ते मागचं चाक अडीच मीटर, त्यात ४ सेंटिमीटर म्हणजे १.६ टक्के, आणि भिंतीवरची रेघ ५ सेंटिमीटर खाली होती ती ३ सेंटिमीटर वर गेली. सरांनी लगेच बिलबुक ओढलं आणि पाठीमागं गणित मांडलं, "पाच मीटरला तीन, म्हणजे शंभर मीटरला साठ. दिवा जमिनीपासून पासष्ट सेंटिमीटर. एकशे पंचवीस." सव्वा मीटर. समोरच्या कारवाल्याचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात.

स्टिअरिंगच्या उजव्या हाताला खाली एक छोटं चाक आहे, ० ते ३ आकडे असलेलं, दिव्याचं चित्र आणि खाली बाण. ते ० वर होतं. मी ३ वर केलं, रेघ सरसर खाली आली आणि दिव्याच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर खाली थांबली. सर भिंतीकडं बघतच राहिले. म्हणाले, "हे कुणी सांगितलंच नाही रे मला." खरंच कुणी सांगत नाही. डिलिव्हरीच्या वेळी टचस्क्रीन, सनरूफ, मोबाइल कसा जोडायचा, सगळं दाखवतात, आणि ज्या चाकामुळं रोज समोरची माणसं आंधळी होतात ते दाखवत नाहीत. माझी कळकळीची विनंती आहे, गाडी भरून कुठं निघालात, लग्नाला, गावाला, गूळ-तांदूळ घेऊन, तर ते चाक फिरवा. काही गाड्यांत हे आपोआप होतं, तिथं चाक नसतं. पण चाक असेल तर ते तुमचं काम.

आता ट्रॉली. सरांना वाटत होतं की त्या रात्री सिस्टिम चुकली. मी रात्री त्याच जागी परत येताना दोनदा बघितलं, समोर एसटी, डिप होणं, एसटी गेल्यावर एक-दोन सेकंदांनी परत अप्पर, सगळं जसं व्हायला पाहिजे तसंच. पंक्चर ट्रॉलीला मागं दिवा नव्हता म्हणून कॅमेऱ्याला ती दिसली नाही हे खरं, पण इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे. बिनदिव्याची ट्रॉली पुढं असेल आणि समोरनं कुणी येत नसेल, तर ऑटो अप्पर चालूच ठेवतो आणि त्या उजेडात ती लांबनं दिसते, म्हणजे तिथं तो आपल्या फायद्याचाच आहे. घात होतो तो समोरनं गाडी आली की. अप्परमध्ये शंभर मीटरच्या पुढचं दिसत होतं ते डिप झाल्यावर चाळीस-पन्नास मीटरवर आलं, वरनं एसटीचे दिवे डोळ्यात, आणि दिपलेले डोळे जागेवर यायला काही सेकंद लागतात, साठीच्या माणसाला तर जास्तच.

मी सरांना एवढंच विचारलं, "सर, सत्तरच्या स्पीडला थांबायला किती लागतं?"

बिलबुकाचं पुढचं पान. सत्तर म्हणजे सेकंदाला साडेएकोणीस मीटर. दिसल्यापासनं पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २९ मीटर गाडी तशीच पळाली. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक धरला तर पुढं २७ मीटर. एकूण ५६. दिसतंय जास्तीत जास्त पन्नास. सरांनी ५६ च्या खाली दोन रेघा मारल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःच पन्नासच्या स्पीडचं मांडलं, २१ अधिक १४, पस्तीस. बसतंय.

"म्हणजे त्या पोराच्या टॉर्चनं वाचलो."

"होय सर."

"आणि मी सत्तरनं का चाललो होतो? मी जुन्या गाडीनं तिथं सत्तरनं कधीच जात नव्हतो."

या प्रश्नावर आम्ही दोघं तासभर बोललो आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातलं खरं तिथं सापडलं. जुन्या गाडीत सर स्वतः डिप करायचे. चाळीस वर्षांची सवय, समोर उजेड दिसला की हात दांडीवर आणि त्याच वेळी उजवा पाय ॲक्सिलरेटरवरनं थोडा वर. दोन्ही एकदमच होतं, विचार करून नाही. हातानं लाइट कमी केला की पायाला आपोआप कळतं की आता कमी दिसणार. मी स्वतःवर बघितलं, दुकानातल्या पोरांवर बघितलं, जुना ड्रायव्हर असला की हे होतंच. नव्या गाडीत डिप करायचं काम हाताकडनं गेलं आणि त्याबरोबर पाय उचलायचं पण गेलं. अप्परच्या उजेडात लांबपर्यंत रस्ता मोकळा दिसतोय, त्या दिसण्यावर स्पीड सत्तरला चढला, आणि मग मशीननं न विचारता अर्धी नजर काढून घेतली, स्पीड मात्र तसाच. लाइट खाली गेला, पाय वर आला नाही. सिस्टिममध्ये बिघाड काहीच नव्हता आणि तरी माणूस मरता मरता वाचला.

उपाय काय केला ते सांगतो. फास्टॅग काढला, तो काढला की फाटतो आणि परत चालत नाही, तसाच बनवलेला असतो, म्हणून नवीन मागवला आणि कॅमेऱ्यापासनं बाजूला, खाली घेऊन चिकटवला. काच बाहेरनं नीट घासून धुतली, घासलेली वायपरची रबरं बदलली कारण ती कॅमेऱ्यासमोरच फराटे ओढत होती. लेव्हलच्या चाकाजवळ सरांनी स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी लावली, "मागे माणसे २, डिकी भरलेली ३". ऑटो हायबीम काढला नाही, काढायची गरज पण नाही, दांडीनं बंद होतो. सरांना म्हटलं, साखर कारखाने चालू आहेत तोवर या रोडवर बंदच ठेवा. गळीत हंगामात इथं डबल ट्रॉल्या, टायरगाड्या, रात्री फडातनं खोपीकडं चालत निघालेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या, यातल्या कशालाच धड दिवा नसतो, आणि धुकं पडलं तर अप्परचा उजेड आपल्याच डोळ्यात परत येतो. घाटात पण बंद, वळणं संपतच नाहीत. पुणे-बेंगळुरू हायवेला पण विचार करून, कारण डिव्हायडरमधल्या झाडांआड समोरच्या ट्रकचे दिवे कॅमेऱ्याला लपतात पण ट्रकवाला उंच बसलेला असतो, त्याला आपला अप्पर थेट लागतो. उन्हाळ्यात, ऊस तुटून गेल्यावर, मोकळ्या सरळ रस्त्याला वापरा की, चांगलं काम करतो. मी त्याच्या विरोधात नाही. समोरच्याला अप्पर मारत जाणाऱ्या, कधीच डिप न करणाऱ्या माणसाच्या गाडीत हा असला तर बरंच आहे, निदान गाड्यांना तरी सुटका.

आणि चालू असेल तेव्हा एक सवय लावून घ्यायची, निळा विझला की पाय उचलायचा. सर पंधरा दिवस मोठ्यानं "पाय" म्हणत होते, काकूंनी सांगितलं.

फेब्रुवारीत मी परत एकदा त्यांच्याबरोबर साळवणला गेलो, रात्रीच, डिकी भरलेली, चाक ३ वर, ऑटो बंद, हातानं डिप. दोन जणांनी डिप्पर मारला. एक वळणावर आमचा हात उशिरा गेला तेव्हा, आणि एक ट्रकवाला होता त्यानं साइड मागायला मारला. उसाच्या शेंड्यावर उजेड आला की सर आता परत पूर्वीसारखे आधीच खाली घेतात, पायी माणूस दिसला तरी घेतात.

येताना कळ्यात चहाला थांबलो. दोन ट्रॅक्टर उभे होते, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले. सरांनी डिकीतनं लाल रेडियमचा रोल आणि कात्री काढली, मला वाटलं होतं गूळ काढतायत. ट्रॉलीच्या मागच्या फळीवरची धूळ रुमालानं पुसली, वीतभर लांबीच्या चार पट्ट्या कापल्या, दोन डावीकडं, दोन उजवीकडं, अंगठ्यानं कडेपर्यंत दाबून बसवल्या, गणिताच्या वहीत रेघ मारतात तसं सरळ. ट्रॅक्टरवाला चहा घेत बघत होता. दुसरा ग्लास सरांच्या हातात देत म्हणाला, "गुरुजी, आतनं भावाचा ट्रॅक्टर यालाय, दहा मिनटं थांबताय काय? त्याच्या दोनीला पण लावा की."